अर्धा धवला

एकनाथ बोईसरला माझ्या वरच्या खोलीत नऊ वर्षं भाड्याने राहिला. मूळचा घिवलीचा, मच्छीमाराच्या घरातला. बोट थोरल्या भावाकडे गेली आणि हा तारापूरच्या एका औषध कारखान्यात मीटर दुरुस्तीला लागला. बोलणं अगदी मोजकं. शिफ्ट संपवून आला की चपला दाराबाहेर काढायचा आणि सरळ कॉम्प्युटरपुढे बसायचा. एका ऑफिसने टाकून दिलेला तो कॉम्प्युटर त्याने सुटे भाग जमवून चालू केला होता. साउंड कार्डाची पुस्तिका इंग्रजीत होती, ती वाचून सांगायला तो मला वर बोलवायचा. मार्च १९९९ मधले ते आठ दिवस माझ्या डायरीत तारीखवार आहेत. त्यांवरूनच हे लिहिते आहे.

त्याची आई येसूबाई गावची धवलारीण, म्हणजे लग्नात प्रत्येक विधीला धवला हे लग्नगीत गाणारी. धवला दोघींचा असतो. एकीची ओळ संपता संपता दुसरीने पुढची उचलायची. येसूबाई आणि नवसीबाई एकतीस वर्षं जोडीने गायल्या. एकीच्या ओळी दुसरीच्या तोंडी कधी बसल्याच नाहीत. येसूबाई एकटी गायला लागली की दोन ओळींतच अडायची. पंच्याण्णव साली नवसीबाई आजारी पडली तेव्हा दोघींत अबोला होता. कोणत्या तरी लग्नात हिला आधी बोलावलं, तिला मागून, एवढंच कारण. नवसीबाईने एकनाथला घरी बोलावलं आणि स्वतःच्या ओळी कॅसेटवर म्हटल्या. मधे येसूबाईच्या ओळींएवढी जागा मोकळी सोडत गेली. चौदा मिनिटांचा धवला, त्यातला अर्धा. महिन्याभरात ती वारली. येसूबाईने ती कॅसेट चार वर्षं ऐकली नाही.

मग तिच्या घशात गाठ निघाली. सोमवार, २२ मार्चला मुंबईत ऑपरेशन ठरलं. स्वरयंत्र काढणार होते. आठ दिवस आधी ती स्वतःहून बोईसरला आली आणि म्हणाली, माझ्या ओळी भरायच्या.

एकनाथने कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली. उतरवल्यावर टेप तुटलीच, म्हणजे आता जे होतं ते कॉम्प्युटरमध्येच. आईच्या कानाला हेडफोन लावले, पुढे माइक ठेवला. नवसीबाईचा आवाज आला तशी येसूबाईने डोळे मिटून ओळ उचलली. पण तिसऱ्या ओळीपासून ती मागे पडायला लागली. पाचव्या ओळीला नवसीबाई पुढे निघून गेलेली आणि ही अजून मागच्याच शब्दावर. दिवसाला दोनदा, फार तर तीनदा गाता यायचं. त्यापुढे नुसता घोगरा वारा.

एकनाथला वाटलं, दुखण्याने दम पुरत नाही. मंगळवारी मी घड्याळ लावलं. हेडफोनशिवाय तिची ओळ नऊ सेकंदांत व्हायची, हेडफोन लावला की बारा, तेरा. मी तिलाच विचारलं की, कानात काय येतं?

"मागून कोन तरी येतंय बाय. माजीच ओळ म्हनतंय. सोबतीन मागं राहिली तर थांबायचं, तिला टाकून पुढं नाय जायाचं. आमचा रिवाज हाय तो."

ती स्वतःच्याच आवाजासाठी थांबत होती.

एकनाथ डोकं धरून बसला. माइकचा आवाज कॉम्प्युटर आधी घागरीत भरतो आणि घागर भरली की पुढे हेडफोनात ओततो. त्या घागरीला पुस्तिकेत बफर म्हटलं होतं. भरण्याओतण्यातच उशीर होत होता. टाळी वाजवून त्याने पडद्यावर मोजलं तर जवळजवळ चार दशांश सेकंद. बुधवारी आणि गुरुवारी तो कामावर गेला नाही. पडद्यावरचं चित्र काढलं, व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम काढला, नको ती प्रत्येक गोष्ट काढली आणि घागर लहान करत गेला. उशीर निम्म्यावर आला. आणखी लहान केली तर जुन्या यंत्राला झेपेना. नवसीबाईचा आवाज मोहरी तडतडल्यासारखा फाटायला लागला. मी आकडे लिहीत होते, तो पुन्हा बदलत होता. त्या दोन दिवसांत येसूबाई दोनदा गायली आणि दोन्ही वेळा अडली.

"आये, तिकडं लक्ष देऊ नको ना," तो चिडून बोलला.

"कानात घातलंस तूच, आन् लक्ष नको देऊ?"

शुक्रवारी तिचा आवाज उमटलाच नाही. एकनाथ दिवसभर जिन्यात बसून होता. जेवायला बोलावलं तर हलला नाही.

शनिवारी पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत मला एक परिच्छेद सापडला. गाणाऱ्याचा आवाज परत कानात आणायची गरजच नाही, तो बंद करा. यंत्रात आवाज उशिरा नोंदला गेला तरी उशीर सगळीकडे सारखाच असतो, नंतर तेवढा भाग मागे ओढून घ्या. मी वाचून दाखवलं.  दोन दिवस आम्ही घागर लहान करत होतो, ती मोठीच चालणार होती. पुस्तिका पहिल्यापासून माझ्याच हातात होती आणि मी सुरुवातीचीच पानं वाचत बसले होते.

रविवारी सकाळी त्याने घागर पुन्हा मोठी केली, माइकचा आवाज हेडफोनात येणं बंद केलं आणि आईचा एक कान उघडा ठेवला. नवसीबाई एका कानात, स्वतःचा आवाज दुसऱ्या कानाने, खोलीतला. येसूबाईने ओळ उचलली. दुसरी उचलली. एकतीस वर्षांची सवय तशीच होती, नवसीबाईचा शेवटचा शब्द संपायच्या आत ही सुरू. हळदीच्या ओळी झाल्या, तेलाच्या झाल्या. सहा मिनिटं आणि काही सेकंद. मग वरचा सूर लावताना आवाज तुटला. पुढच्या ओळीला ओठ हलले, बाकी काही नाही.

एकनाथ म्हणाला की थोडं पाणी पी, अर्ध्या तासाने पुन्हा तिथूनच घेऊ. तिने मानेनेच नको म्हटलं. घशातून जेमतेम निघालं, "जाऊ दे तिला पुढं."

त्याने माउसकडे हात नेला, पण रेकॉर्डिंग थांबवलं नाही. नवसीबाई ओळ म्हणायची, थांबायची, पुन्हा म्हणायची. उरलेली आठ मिनिटं आम्ही तिघं तशीच बसून राहिलो. त्या प्रत्येक जागेत फक्त येसूबाईचा श्वास भरला गेला.

सोमवारी पहाटे एकनाथ तिला घेऊन मुंबईला गेला.