पाणीसुद्धा नको

"यात काय काय आहे?" हा इंगळे मॅडमचा पहिला प्रश्न असे. कुणी पेढ्यांचा बॉक्स पुढे करो, वाढदिवसाचा केक कापो, नाहीतर घरून कौतुकानं आणलेली शेवभाजी वाढो, मॅडम चष्म्यावरून बघणार आणि विचारणार. उत्तरात दूध, दही, तूप, खवा, मध, अंडं, मटण, मासळी यांतलं एक जरी नाव आलं की हात आडवा. "नको." आवाज मऊ, पण पुढे आग्रह करायची सोय नाही. हल्ली याला व्हेगन म्हणतात. मी जळगावच्या त्यांच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा स्टाफरूममध्ये हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. सगळे त्यांना पथ्यवाल्या मॅडम म्हणत. त्या स्वतःला काहीच म्हणवून घेत नसत. गवती चहा आणि गूळ घातलेला कोरा चहा थर्मासमधून आणायच्या आणि कोपऱ्यात बसून शांतपणे प्यायच्या.

मी धुळे जिल्ह्यातली, सोनगीरची. गोठ्यात लहानाची मोठी झाले आणि तोंडानं फटकळ. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याशी वाद घातला. "मॅडम, दूध पिण्यात कसलं आलंय पाप?"

"पाप म्हटलं का मी? ते वासराचं आहे. दुसऱ्याचा डबा मी खात नाही."

पुढे एकदा त्यांना घरी सोनगीरला नेलं तर माझी आई दुधाचा पेला घेऊन पुढ्यात हजर. "घरनं दूध शे वं, पानी नई टाकेल." घरचं दूध, बिनपाण्याचं! मॅडम एवढ्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. दूध नाहीच घेतलं. मात्र ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी ठेच्याबरोबर खाल्ल्या, वर तांब्याभर पाणी प्यायल्या आणि आईला ठेच्याची कृती विचारली. आई आजही म्हणते, "ती मास्तरीन किती भली व्हती!"

खरं कारण त्यांनी मला त्या दिवशी परतीच्या एसटीत सांगितलं. त्यांचं गाव रावेरकडे. गावातली मेलेली ढोरं ओढून न्यायचं काम त्यांच्या घराण्याच्या माथी होतं. "माझ्या आज्यानं ते काम सोडलं. वर्षभर गाव त्याच्याशी बोललं नाही. आज्यानं मेलेल्या ढोरांचं सोडलं, मी जिवंत ढोरांचं सोडलं. त्यात नवल काय?" एवढं बोलून त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं.

त्यांच्या स्वतःच्या माणसांना मात्र हे पटत नव्हतं. भुसावळला त्यांच्या मामेभावाच्या लग्नात मी पंगतीला होते. मटणाची पातेली आली, मॅडमनी हात आडवा केला, आणि रेल्वेतून रिटायर झालेले मामा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय व पमे, त्याह्यच्यातली झाली का तू?"

"मामा, त्यांच्यात तुपाशिवाय पान हलत नाही. मी तूपबी खात नाही. मग मी कुनातली?"

पंगत हसली, मामाही हसले. पण ते हसणं काही गोड नव्हतं. मॅडमची दोन स्थळं याच पायी मोडली होती. एका मुलाच्या आईनं विचारलं, "तू खाऊ नको, पन माह्या पोराले शिजवून देशील का?" मॅडम खरं बोलल्या, "नाही." तिथंच विषय संपला. घरात मग त्या आणि त्यांची माय. माय सुकट भाजायची, स्वतःच्या हातानं, आणि मॅडम खिडक्या उघडायच्या. दोघींनी एकमेकींना त्यावरून कधी एक शब्द ऐकवला नाही. आपल्या घरांत एवढं तरी जमतं का कुणाला?

आता त्यांच्या रागाबद्दल. मॅडम ओरडत नसत, भांडत नसत, आणि काहीही विसरत नसत. शाळेच्या सहलीत वरण-बट्टीचा बेत होता. आमच्या सुपरवायझर सरांनी मॅडमच्या वरणात गुपचूप तूप सोडलं, त्यांचं खाऊन झाल्यावर सगळ्यांसमोर तसं सांगितलं, आणि खो खो हसले. हसणारे आणखीही होते. त्यांची नावं माझ्या लक्षात आहेत. मॅडम उठल्या, शेताच्या बांधाकडे जाऊन ओकून आल्या, चूळ भरली. दुसऱ्या दिवशी सरांनी त्यांच्या हातात वेळापत्रक दिलं. मॅडमनी ते उलटंसुलटं केलं आणि गंभीरपणे विचारलं, "सर, यात काय काय घातलंय?" सर ओशाळं हसले. पुढच्या आठवड्यात खडूचा डबा दिला तेव्हा पुन्हा तोच प्रश्न. पालकसभेत, मुख्याध्यापकांसमोर, सरांच्या सौ. शाळा बघायला आल्या तेव्हा त्यांच्यासमोर, "सर, यात काय काय घातलंय?" सर रिटायर होईपर्यंत या प्रश्नानं त्यांचा पिच्छा सोडला नाही. निरोपसमारंभात त्यांनी मॅडमना गुलाबाचं फूल दिलं आणि मग स्वतःच हात जोडले. मॅडम म्हणाल्या, "आता झालं, सर." त्या दिवशी मला कळलं की ही बाई हिशेब पुरा करते.

घरमालक नानांचं प्रकरण घडलं ते यानंतर. मॅडमच्या मायची किडनी बिघडली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही जळगावात, आणि राहायला भुसावळ. रिक्षा, रेल्वे, पुन्हा रिक्षा. येताना माय गळून गेलेली असायची, डब्यात जागा मिळाली नाही तर मॅडम तिला पाठीशी घेऊन उभ्या. दवाखान्याजवळ तळमजल्याचं घर हवं होतं, बस्स, एवढीच त्यांची मागणी. असं घर सापडलंही, दवाखान्यापासून चालत जाण्यासारखं. फाटकावर पाटी होती, 'घर भाड्याने देणे आहे. फक्त शुद्ध शाकाहारी कुटुंबासाठी.' मी म्हटलं, "मॅडम, ही पाटी तुमच्यासाठीच लिहिलीय!" मायच्या खाण्याचं पुढे पाहू, त्या म्हणाल्या; तसंही डॉक्टरांनी तिचं मटण-मासळी सगळंच बंद केलेलं होतं, सुकटसुद्धा.

घरमालकांना सगळे नाना म्हणत. सत्तरीचे, स्वच्छ पांढरा सदरा, बोलायला लाघवी. इमारत त्यांनीच बांधलेली. वरचे फ्लॅट विकले होते आणि तळमजल्यावर एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला हे रिकामं घर. नानांनी चौकशी सुरू केली. मटण? नाही. अंडं? नाही. "आणि दूध-तूपही नाही," मॅडम म्हणाल्या. नाना खूश! आत त्यांच्या बायकोला, काकूंना, हाक मारून म्हणाले, "अगं ऐकलंस का, या तर आपल्यापेक्षा कडक!" काकू चहा टाकायला गेल्या, मॅडमसाठी मुद्दाम कोरा. भाडं ठरलं, किल्ली टेबलावर आली. मग नानांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कोणते इंगळे तुम्ही?"

बाहेरच्या माणसाला यातलं कळणार नाही. इंगळे आडनाव आमच्या जिल्ह्यात दोन-तीन जातींत आहे, आणि आडनावावरून पत्ता लागेना की हा प्रश्न येतो. मॅडमना थाप मारता आली असती. गावाचं नाव सांगून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी नानांकडे सरळ बघितलं आणि म्हणाल्या, "आम्ही बौद्ध."

नानांचा चेहरा बदलला नाही, हेच मला जास्त लागलं. टेबलावरची किल्ली त्यांनी खिशात घातली. म्हणाले, "काय आहे मॅडम, माझा पुतण्या पुण्याहून यायचा आहे, डोक्यातूनच गेलं बघा." चहा आतच राहिला. मी उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलायला सुरुवात केली, काही मराठीत, काही अहिराणीत. मॅडमनी माझा दंड धरला आणि बाहेर आणलं. "ओरडू नकोस, वैशाली. ओरडलेलं लोक विसरतात."

पुतण्या कधी आलाच नाही. ती पाटी पावसाळाभर फाटकावर होती; मी मुद्दाम वाट वाकडी करून बघून यायची. माय मात्र जात-येत राहिली आणि दिवाळीच्या आधी गेली. दवाखान्यातून परतताना, भुसावळच्या स्टेशनावर, बाकावर बसल्या बसल्या. जळगावात घर असतं तर ती जगली असती असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणणार नाही. पण ती स्वतःच्या अंथरुणावर गेली असती. हे मी म्हणते आणि नानांच्या तोंडावर म्हटलेलं आहे.

वर्षभरानं त्याच इमारतीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला. मूळ मालक नाशिकला गेलेले. त्यांना कोण कोणते इंगळे याच्याशी कर्तव्य नव्हतं. मॅडमनी कर्ज काढलं आणि तो घेतला. जिना नानांच्या दारावरूनच जातो. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, "मॅडम, आता रोज बोंबील भाजा! मी आणून देते. दार उघडं ठेवून भाजा!"

"मी जे खात नाही ते त्यांच्यासाठी का शिजवू?" त्या म्हणाल्या. "तू बघ फक्त."

मी बघत राहिले. मॅडम इमारतीत सगळ्यांकडे जायच्या. वॉचमनच्या खोलीत त्याच्या बायकोच्या हातचं पिठलं खायच्या, समोरच्या घरी कोरा चहा घ्यायच्या, दारात आलेल्या भाजीवालीच्या बाटलीतलं पाणी प्यायच्या. नानांकडेही जायच्या! काकूंच्या नातवाला विज्ञान शिकवायला, फी न घेता. पण तिथं काही म्हणजे काही घ्यायच्या नाहीत. दुधाचा चहा नाकारला, कुणाला काही वाटलं नाही. मग काकूंनी कोरा चहा केला. "नको." केळी ठेवली, रावेरची. "नको." पहिल्या संक्रांतीला काकू जिन्यात तिळगूळ घेऊन उभ्या होत्या. "मॅडम, तुपाचा हात नाही हो लावला, शेंगदाण्याचं तेल लावलंय, मुद्दाम तुमच्यासाठी." मॅडमनी इतर सगळ्या बायकांचा तिळगूळ घेतला होता, मुठीत दिसत होता. "नको, काकू." शेवटी काकूंनी साध्या पाण्याचा पेला पुढे केला.

"पाणीसुद्धा नको."

पाण्यात दूध नसतं. कुणाच्या घरचं पाणी न घेण्याचा अर्थ आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तो अर्थ पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजूनं वापरला गेला. त्या दिवशी तो उलटा फिरला. जिन्यातल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. काय केलं हो नानांनी? मॅडमना विचारलं तर त्या म्हणायच्या, "त्यांनाच विचारा." लोक नानांना विचारायचे. नाना काय सांगणार? सदरा तेवढाच पांढरा राहिला, पण माणूस फाटकात उभा राहायचा बंद झाला. मला वाईट वाटलं का? मुळीच नाही. मनातल्या मनात मी टाळ्या वाजवल्या.

असं सहा-सात वर्षं चाललं. मग एके सकाळी नाना स्वतः जिना चढून आले. मी तिथंच होते. खालचं घर त्यांनी एका नर्सला आणि तिच्या नवऱ्याला दिलं होतं. दोघं बौद्ध. "पाटी काढून टाकली, मॅडम. काय खाता, कोणते तुम्ही, काही म्हणजे काही विचारलं नाही मी." "आता तरी खाली या. पाणी घ्या."

मॅडम खाली गेल्या, मागे मी. काकूंनी ट्रेमध्ये पेला आणला. मॅडमनी पेल्याकडे आणि मग नानांकडे बघितलं. मला वाटलं, आता घेतील. सरांना म्हणाल्या तसं "आता झालं" म्हणतील.

"नाना, चांगलं केलंत. घर त्यांना दिलंत." एरवी परक्यांत शुद्ध बोलणाऱ्या मॅडमची भाषा तिथं एकदम रावेरची झाली. "माह्या मायले नाही दिलं."

आणि त्या उठल्या.

मॅडम गेल्या वर्षी गेल्या, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन. शोकसभेला नाना काठी टेकत आले आणि माझ्याजवळ बसून रडले. "एक घोट घेतला असता तर माझ्या जिवाला शांती मिळाली असती हो."

मी म्हटलं, "नाना, त्यांनी पहिल्याच संक्रांतीला तिळगूळ घेतला असता, तर खालचं ते घर आज कुणाकडे असतं?"

नानांनी काठीचा आधार घेतला आणि ते उठले.

त्या इमारतीत मी अजून जाते. खालच्या नर्सबाईंशी माझी गट्टी जमलीय, त्यांच्याकडे मी मटणभाकरी हाणते. येताजाता काकू दारातून हाक मारतात, "वैशालीताई, निदान पाणी तरी घ्या." मी घेत नाही. मी दूध पिते, तूप खाते, माझं कसलंही पथ्य नाही. त्यामुळे नको म्हणायला माझ्याकडे कारण एकच आहे, आणि कुणी विचारलं की ते मी जिन्यात उभी राहून मोठ्यानं सांगते.