मावसाजींचे कान

आमच्या मावसाजींइतका थंडीला भिणारा माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नसेल, आणि भर थंडीत त्यांच्याइतका हिंडणाराही दुसरा नसेल. ते सरकारी गुरांचे डॉक्टर. कुठे गाय अडली की लिलावात घेतलेल्या लष्करी फटफटीवर बसून त्यांना निघावंच लागायचं. फटफटीबरोबर एक लोखंडी हेल्मेटही आलं होतं, पण ते आतून गार पडतं अशी त्यांची तक्रार. "थंडी कानातून शिरते अन् सरळ गुडघ्यात जाते," हे त्यांचं शास्त्र. म्हणून आधी दोन्ही कानांवर गरम ओव्याच्या पुरचुंड्या, त्यांवर मावशीच्या लुगड्याची पट्टी, मग कापसाचा जाड थर, मग मफलर, आणि सगळ्यावर हेल्मेट. ते अर्थातच डोक्यात शिरत नसे. मग मावसाजी पायरीवर बसत आणि मावशी वरून पाट ठेवून दोन्ही हातांनी दाबत असे. शेजारी चहाचे कप घेऊन बघायला येत. एकदा हेल्मेट बसलं की मावसाजींना तोफही ऐकू आली नसती. रस्त्यात कोणी विचारलं, "डॉक्टरसाहेब, ते म्हैस बरी हाये का?" तर मावशीची चौकशी आहे असं समजून ते नम्रपणे सांगत, "घरीच हाये. डोकं दुखून राह्यलं तिचं."

मी कॉलेजात असताना, पौषातल्या एका सकाळी त्यांच्या मागे बसून बोरी अरबला निघालो. तिथल्या एका शेतकऱ्याची गाय अडली होती. वाटेत नाल्याच्या रेतीत फटफटी रुतली. मी उतरून मागून जोर लावला. ती सुटली आणि मावसाजींना घेऊन निघून गेली. मी ओरडत मागे पळालो, मग दमून चालू लागलो.

पुढचं मला त्या शेतकऱ्याने सांगितलं. मावसाजी गोठ्यापाशी पोचले तेव्हा माझ्या अभ्यासावरून मला रागावत होते. "अन् आता गुमसुम काहून बसला?" म्हणत त्यांनी न बघताच औषधाची पेटी मागे धरली आणि सोडली. पेटी धाडकन खाली पडली. मावसाजी वळले. मागे कोणी नव्हतं.

"पोरगा पडला माहा," ते म्हणाले आणि फटफटी वळवू लागले. शेतकऱ्याने हात जोडले. तो काय म्हणाला ते त्यांना ऐकू गेलं नाही, पण गाय दिसत होती आणि वासराचे पाय बाहेर आलेले दिसत होते. ते हेल्मेटसकट गुडघ्यांवर बसले. वासरू बाहेर आलं, त्याने श्वास घेतला, आणि मावसाजी हातही न धुता निघाले.

मला ती फटफटी समोरून येताना दिसली. जरा पुढे यायची, थांबायची. मावसाजी इंजिन बंद करून कपाशीच्या शेतांकडे तोंड करत, "बापू, कुठी हायेस?" अशी हाक देत, आणि ऐकत. हेल्मेट हँडलला लटकत होतं. मफलर, पट्टी, पुरचुंड्या, कशाचाच पत्ता नव्हता. कान लालबुंद झाले होते.

जवळ येऊन त्यांनी माझे हातपाय चाचपले. "लागलं का कुठी?"

"नाही मावसाजी. पडलोच नाही. धक्का मारताना मागे राहिलो."

"मंग आवाज द्यायचा नं."

"दिला होता."

गाय पुन्हा एकदा बघून आम्ही परत निघालो. वाटेत ते मधूनमधून एक हात मागे नेऊन माझा गुडघा चाचपत होते. मग मीही बोलत राहिलो. वासराबद्दल, कॉलेजाबद्दल, जे सुचेल त्याबद्दल. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच त्यांना ऐकू येत होतं.