मोरपंखी मफलर

चिपळूणच्या एस.टी. स्थानकावर गाडी सुटायच्या आधी आईने माझे पदराबाहेर राहिलेले कान पाहिले आणि पदर पुढे ओढला. कार्तिक महिना होता, तरी उन्हात आमच्या पाठी घामाने भिजल्या होत्या. वडील गाडीच्या टपावर चढवलेल्या ट्रंकेवरून नजर काढत नव्हते. माझ्या लग्नाला सहा-सात महिने झाले होते. हे पिंपरीकडे एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले होते आणि खोली मिळताच मला न्यायला आले होते. "घाटावर थंडी असते गो," आई म्हणाली, "कानाला वारं लागू देऊ नकोस. त्यांच्याही." जावयाशी थेट बोलण्याची तिची रीत नव्हती, म्हणून 'त्यांच्याही' हा शब्दसुद्धा तिने माझ्याकडे पाहूनच उच्चारला.

तुम्ही जे तिकडेच राहिलात, त्यांना हे निराळे सांगायला नको, की आपल्या गावात लोकर नव्हती. अंगाला हुडहुडी भरणे म्हणजे हिवताप. पेटीतले जाड कांबळे बाहेर निघाले, की या घरात कोणीतरी अंथरुणाला खिळले आहे, हे आळीला कळत असे. आणि माझ्यासारखे जे घाट चढून इकडे आले, त्यांना मार्गशीर्षातली इथली पहिली सकाळ आठवत असेल. आमची खोली होती ती काळेवाडी तेव्हा खरोखरीच वाडी होती. पवना नदीवरून धुके उठे आणि रहाटणीकडच्या वाटेवरची बाभळीची झाडे दिसेनाशी होत. त्या धुक्यातून डोक्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली माणसे सायकलींवरून निघालेली मी दारातून पाहिली, तेव्हा सारे गाव तापाने फणफणले आहे, असे मला क्षणभर वाटले. हसू नका. मी खरोखरच भ्याले होते.

मुळात मी भित्रीच. रत्नागिरीच्या महाविद्यालयात संस्कृत घेऊन पदवीधर झाले होते, पण दुकानदाराला भाव विचारायचा झाला तर न विचारताच परत येत असे. आमची घरमालकीण, जिला सगळे आक्का म्हणत, ती पहिल्या आठवड्यातच म्हणाली, "आगं, तू एवढी शिकल्याली, आन् नळावर बोलत का न्हाईस? बायकांना वाटतंय, मुकी हाय म्हणून." त्यावरही मी केवळ मान हलवली, आणि आक्काने ती गोष्ट पुढचा महिनाभर सर्वांना सांगितली.

यांची पहिली पाळी सातला सुरू होई. सहाच्या सुमारास हे सायकलवर बसत. सुरुवातीला हे कोकणी रीतीने कानांवरून पंचा बांधून हनुवटीखाली गाठ मारत. एके दिवशी संध्याकाळी हसत हसत यांनी सांगितले, की कारखान्याच्या फाटकापाशी खात्यातल्या मित्रांनी यांना अडवले होते. "काय राव, बाळंतीण निघाली का कामावर?" एकाने विचारले, आणि दुसरा म्हणाला, "भाऊ, बारसं कधी? घुगऱ्या तरी द्या." सांगताना हे हसले खरे, पण दुसऱ्या दिवशी पंचा खुंटीवरच राहिला. त्या आठवड्यात यांचा कान ठणकू लागला, मग ताप आला. मी काढा उकळत होते आणि आईने स्थानकावर उच्चारलेला तो एक शब्द मला सारखा ऐकू येत होता.

ऊब हवी होती. पण जी घातल्यावर कोणी हसणार नाही अशी. तेव्हा अधिकाऱ्यांच्या अंगात उंच गळ्याचे स्वेटर दिसत, आणि गळ्यात मफलर टाकून त्याचे एक टोक पाठीवर सोडण्याची तरुणांत मोठी ऐट होती. नदीपलीकडे पिंपरी कॅम्पात एका सिंधी बाईंचे लोकरीचे दुकान होते. दुकानासमोरून दोनदा पुढे गेल्यावर तिसऱ्यांदा मी पायरी चढले. गिऱ्हाईक नसले, की त्या भाभी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसवून मला टाके शिकवत. "हाथ ढीला रखो," त्या म्हणत, "ऊन से डरती हो क्या?" मी लोकरीलाही भीत होते, हे त्यांना कसे सांगणार. रंग त्यांनीच निवडला, मोरपंखी. स्वेटरचा गळा गोल आणि उंच, बाह्या मनगटावर सैल आणि दुमडायच्या. मफलर लांब, दोन्ही टोकांना गोंडे. पौष लागेपर्यंत मी विणत राहिले. हे कधी शेजारी येऊन बसत आणि लोकर बोटांनी चाचपून पाहत. एकदा म्हणाले, "बाह्या जरा आखूड चालतील." मला तो संकोच वाटला. मी बाह्या आणखी दोन बोटे वाढवल्या.

ज्या सकाळी यांनी तो स्वेटर प्रथम घातला, त्या सकाळी धुके इतके दाट होते की वळणापर्यंतही हे दिसले नाहीत; मफलरचा मोरपंखी गोंडा मात्र शेवटपर्यंत दिसत होता. "दिवसभर काढणार नाही," असे हे मला म्हणाले होते. मी दाराशी उभी राहून फार सुखावले. भीतीवाचून गेलेली ती माझी इथली पहिली घटका असावी.

ऊन वर आल्यावर आक्का ओट्यावर येऊन बसली. "सकाळच्याला नवरा न्हवरदेवावानी नटून गेला तुजा," ती म्हणाली. मी कौतुकाच्या अपेक्षेने हसले. ती हसली नाही. "त्ये गळ्यातलं घेऊन मशिनीवर हुभा ऱ्हातो व्हय?" मी म्हटले, "असेल." मग आक्काने तिच्या भावाची हकीकत सांगितली. मावळात त्यांच्या गावी पिठाची गिरणी होती. एका थंडीत भावाने उपरणे गळ्याभोवती गुंडाळले होते आणि दळण टाकायला तो वाकला. उपरण्याचे टोक पट्ट्यात गेले. "वरडाया बी येळ मिळाला न्हाई त्येला," आक्का म्हणाली, आणि मग जणू मला समजावत, अगदी हळू, "फिरत्या चाकाला काय कळतंय गं, ह्ये कापड आन् ह्यो माणूस?"

लेथ, म्हणजे यांचे यंत्र, मी तोवर पाहिले नव्हते. त्याच्यात लोखंड गरगर फिरते आणि हे त्याच्यासमोर वाकून उभे असतात, एवढेच यांच्या बोलण्यातून मला ठाऊक होते. आता ते फिरणारे लोखंड आणि तो लांब गोंडा एकत्र डोळ्यांसमोर आले आणि जाईनात. मी स्वतःला बजावले, की हे शिकलेले कारागीर आहेत, यांना हे कळत असणारच. पण लगेच दुसरे मन म्हणे, की माझे मन मोडायचे नाही म्हणून हे बेचव आमटीही वाखाणून खातात. आज सकाळी तर तोंडाने वचन दिले आहे. आणि त्या सैल बाह्या. त्या तर मीच वाढवल्या होत्या.

चूल तशीच ठेवून मी निघाले. नदी ओलांडली, कॅम्प ओलांडला, रेल्वेचे रूळ ओलांडले; मुंबई-पुणे रस्त्यावर मालमोटारी अंगावरून गेल्यासारख्या जात होत्या. एकटीने एवढे अंतर मी कधी चालले नव्हते. वाटेत ओळखीचे कोणी भेटले असते तर ते मला दिसले नसते.

फाटकावर खाकी ओव्हरकोट आणि माकडटोपी घातलेला पहारेकरी होता. मला पाहताच तो म्हणाला, "पगार आज न्हाई, बाई. धा तारखेला या." पगाराच्या दिवशी काही बायका नवऱ्यांना फाटकावरच गाठत, मी त्यांतली, असा त्याचा समज झाला. शरमेने माझा चेहरा तापला. तरीही मी यांचे नाव घेतले. आयुष्यात प्रथमच, उखाण्याशिवाय, परक्या पुरुषासमोर घेतले. म्हटले, "त्यांना एवढंच सांगा, गळ्यातलं काढून ठेवा." पहारेकऱ्याने माझ्याकडे नीट पाहिले. मग तो चौकीत गेला आणि आतला फोन फिरवू लागला.

काचेतून त्याचे ओठ हलताना दिसत होते. बराच वेळ तो ऐकत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याने टोपी डोक्यावरून मागे सारली होती. "मशीन बंद हाय त्येंचं," तो म्हणाला, "आन् त्ये जाग्यावर न्हाईत. खात्यातले बगून येतो म्हणलेत."

मी चौकीच्या बाकावर बसले, की पहारेकऱ्याने बसवले, हे आठवत नाही. आतून यंत्रांचा घुमा आवाज येत होता, आणि त्यांतले एक बंद आहे, हे कानांना कळते आहे असे वाटत होते. आईला काय कळवायचे, याचे वाक्य माझ्या मनात आपोआप जुळू लागले होते. व्याकरणशुद्ध, संपूर्ण वाक्य. आजही त्या वाक्याची मला भीती वाटते, म्हणून ते इथे लिहीत नाही.

मग पटांगणाच्या टोकाला हे दिसले. अर्ध्या बाह्यांचा खाकी सदरा, उघडा गळा, उघड्या हातांवर शहारे. हातातल्या चिंध्यांच्या बोळ्याला तेल पुसत हे भराभर चालत येत होते. मला वाटले, आता माझ्यावर रागावतील. जवळ आल्यावर पाहिले, तर यांचे ओठ पांढरे पडले होते. "आईंचं काही?" यांनी विचारले. "तार आली का?"

फाटकावर बायको आली आहे, एवढेच यांना कळले होते. आणि पगाराचा दिवस नसताना बायको फाटकावर येते ती एकाच कारणासाठी. आम्ही दोघेही एकमेकांकडून मृत्यूची बातमी ऐकायला तिथे उभे होतो. मी म्हटले, "मफलर."

पहारेकऱ्याने माझा निरोप आणि बंद मशीनचे सांगितले, तेव्हा यांना उमगले. मग हे बाकावर माझ्यापासून अंतर ठेवून बसले. "अगं, आत शिरताना आम्ही बोटातली अंगठीसुद्धा काढतो," हे म्हणाले. "लांब बाही चालत नाही. फोरमन खेचून बघतो. मशीन बंद होतं ते मी टूल घ्यायला गेलो होतो म्हणून." मी विचारले, "मग थंडी?" हे पटांगणाकडे पाहत म्हणाले, "वाजते."

इतक्यात यांच्या खात्यातला एक जण ट्रॉली ढकलत जवळून गेला. "काय राव," तो ओरडला, "वहिनी हजेरी घ्यायला आल्या व्हय? माझीबी लावा वहिनी, मी सकाळपासून हाय." पहारेकरी हसला, हेही हसले. मला हसता आले नाही, कारण यांच्या शेवटच्या शब्दाचा अर्थ तोवर मला उमगला होता. पत्र्याच्या त्या शेडमध्ये हे रोज आठ तास उघड्या हातांनी गार लोखंड धरून उभे राहत होते. मी बाह्या वाढवत होते तेव्हा यांना हे माहीत होते. माझा उत्साह मोडवेना, म्हणून हे गप्प राहिले होते. मी घाबरत होते थंडीला. त्या दिवसापासून त्या फिरत्या लोखंडाला घाबरू लागले, आणि ही दुसरी भीती हे निवृत्त होईपर्यंत कोणत्याही हिवाळ्याबरोबर सरली नाही. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, की सायकलची घंटा वळणावर ऐकू येईपर्यंत मी हातातले काम थांबवत असे.

आता काळेवाडीत धुके क्वचित दिसते. इमारतींमुळे वारा अडतो. पोरे हुडी घालून मोटारसायकलींवर आयटी कंपन्यांत जातात आणि थंडी पडली की तिचे फोटो काढतात. तुमच्यापैकी पुष्कळ जण मला भेटल्यावर विचारतात, की इतकी वर्षे झाली, आता घर कोणते म्हणायचे, तिकडचे की इकडचे? मी संकोचाने विषय बदलते. लिहायला मी फार उशिरा बसले, त्यामुळे उत्तर इथेच देऊन टाकते.

फाटकावर गेले त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही तो स्वेटर उसवायला घेतला. मी बाहीच्या टोकाचा धागा शोधून ओढला आणि लोकर सुटू लागली. तिला बिनबाह्यांच्या, अंगाबरोबर बसणाऱ्या, सदऱ्याच्या आत दडणाऱ्या बंडीचे रूप द्यायचे होते; ती पुढे फोरमनने खेचून पाहिली आणि पसंत केली. पण ते नंतर. त्या संध्याकाळी लोकरीची लड करायला दोन हात हवे होते. हे माझ्यासमोर पाटावर बसले आणि दोन्ही हात पुढे करून धरले. नखांत तेलाचा काळेपणा होता, अंगठ्याजवळ एक जुना व्रण होता. मी त्या हातांभोवती लोकर गुंडाळत गेले. वळसा डावीकडे आला की डावी बोटे पाही, उजवीकडे गेला की उजवी. सगळी होती. लोकर संपली तरी मी "झाले" म्हटले नाही, आणि यांनीही हात खाली घेतले नाहीत.