न दाखवलेला नैवेद्य

त्या नवरात्रात माझं देवीशी बोलणं जवळजवळ बंदच होतं. मधुमेही माणसाच्या रक्तात साखर मुबलक, तरी त्याचं हृदय उपाशी का राहतं, या एका प्रश्नावर मी प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं घातली. उत्तर हाताशी येतंय असं वाटू लागलं आणि प्रकल्पाला मुदतवाढ मिळते की नाही, ही टांगती तलवार डोक्यावर आली. मी सगळ्यांवर खेकसत होते, देवीवरसुद्धा. आमच्या ह्यांनी मात्र नऊ दिवसांचे कडक उपवास धरले. स्वतःला मधुमेह असून! मी ओरडले, समजावलं, पण हा माणूस ऐकेल तर शपथ. "गोळी वेळेवर घेतोय ना? मग झालं," म्हणायचे. उपवास कशासाठी, तेही सांगेनात.

अष्टमीच्या सकाळी आम्ही माण गावाहून रिहे गावच्या डोंगरावरच्या देवीला निघालो. गाडी पायथ्याशी ठेवली. चढण फार नाही, पण अर्ध्या वाटेत हे मटकन खाली बसले. दरदरून घाम, हात थरथरताहेत, जीभ जड झालेली. माझ्या डोक्यात एकच, हृदय! दिवसरात्र तेच बघणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार? फोनला रेंज नव्हती. ह्यांच्या छातीवर हात ठेवून मी नुसती "आई, आई गं" करत राहिले. देवीशी बंद पडलेलं बोलणं असं सुरू झालं.

तेवढ्यात शेरडं हाकत एक धनगर बाई वर आली. हातात फडक्यात बांधलेला देवीचा नैवेद्य होता. ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "काय खाल्लंय का ह्यांनी?"

"उपवास आहे त्यांचा."

"देवीचाच न्हवं? मंग तिच्याच वाटंवर माणूस उपाशी मारायचा व्हय?"

तिनं फडकं सोडलं आणि गुळाचा खडा ह्यांच्या तोंडाशी धरला. हे मान हलवायला लागले. "खावा गुमान!" ती दरडावली.

"मावशी, अहो, देवीला दाखवायचाय ना अजून?" त्या घडीलाही मला सोवळं आठवलं, बघा!

"तिला उद्या आणीन की. ती कुटं जातीया?"

एक खडा विरघळला, मग दुसरा, वर घोटभर पाणी. हळूहळू ह्यांची नजर ठिकाणावर आली, तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. पोटात गोळी आणि बाकी काही नाही, साखर उतरली होती. नंतर डॉक्टरही तेच म्हणाले. मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिला भुकेला माणूस दिसला, इतकंच. तिनं आम्हाला गाडीपर्यंत सोडलं आणि रिकामं फडकं झटकून पुन्हा डोंगर चढू लागली.

गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "तुझ्या कामासाठी उपवास धरले होते गं. मोडले."

दसऱ्यानंतर कळलं, मुदतवाढ नाही. मी माझं टेबल आवरलं. हे अजून म्हणतात, तो गूळ मी खायला नको होता. मी दरवेळी रागावते. काम अर्धं राहिलं याची हळहळ आहे, खोटं कशाला बोलू? पहाटे जाग आली की बोचतं. पण आता मी देवीपुढे काही मागत नाही, नुसते हात जोडते. काम आणि हे, या दोहोंतलं एक तिनं राखलं, आणि मला न विचारता राखलं, हे तिचे उपकार. त्या सकाळी घरातून निघताना तिनं विचारलं असतं, तर मी काम मागितलं असतं.