मास्तरांच्या गाडीचा गिअर

माझी नणंद मिस्त्री आहे. कुणी विचारलं की मी हे सरळच सांगते, कारण आडवळणाने सांगितलं तरी लोकांच्या भुवया वर जायच्या त्या जातातच. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती गाड्या दुरुस्त करते. रस्त्याच्या बाजूला माझं सुट्या भागांचं दुकान आहे. मधल्या घरात तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा, दोघींच्या तावडीत सापडलेला असतो. गावात तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणतात. मी वन्सं म्हणते, आणि ती चिडलेली असली की जरा जास्तच मोठ्याने म्हणते.

यंत्राशी ती फार गोडीने वागते. सगळा गोडवा तिथेच संपतो, माणसांसाठी काही शिल्लक राहत नाही. गाडी आली की आधी हात लावायचा नाही, हा तिचा नियम. मालकालाच गाडीवर बसवते. "चला, दाखवा चालवून," म्हणते आणि स्वतः बादली पालथी घालून तिच्यावर बसून बघते. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. कुणी हँडब्रेक न सोडताच गाडी हाकत असतो, कुणाचा पाय कायम क्लचवर. "नाचता येईना, अंगण वाकडं," हे ती तोंडावर ऐकवते. सुरुवातीला मला वाटायचं, अशाने गिऱ्हाइकं तुटतील. उलट वाढली. बोलणी खायला लोक लांबून येतात.

हा नियम तिने एकाच माणसासाठी मोडला, आणि तिथेच सगळं चुकलं.

तो माणूस म्हणजे मास्तर. अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवलेले मास्तर. माझ्या नणंदेच्या तरुणपणी मुलीच्या हातात गाडी द्यायची कुणाची तयारी नव्हती. तेव्हा मास्तर माझ्या सासऱ्यांना येऊन म्हणाले, "मी शिकवतो. बिघडली तर जबाबदारी माझी." गाडी की मुलगी, हे सासऱ्यांनी विचारलं नाही. तेव्हापासून हिच्यासाठी मास्तर म्हणजे शेवटचा शब्द.

मास्तरांचं घर डोंगराच्या अंगाला आहे, डांबरी रस्ता संपल्यावर दगडगोट्यांची चढण लागते तिथे. बायको गेल्यापासून एकटेच राहतात. मुलगा शहरात. "बाबा, आता पुरे, माझ्याकडे या," हे तो प्रत्येक फोनवर म्हणतो. मास्तर एकदाच गेले होते. तिथे त्यांना बैठकीतल्या सोफ्यावर झोपवलं आणि टीव्हीचा आवाज कमी केला, एवढाच पाहुणचार. परत आल्यावर त्यांनी कुणाची तरी वापरलेली एटीव्ही घेतली. चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, दगडांवरून बेडकासारखी चढणारी गाडी. पायी चढणं आता झेपत नव्हतं. ही गाडी चालत राहिली तर घर, नाहीतर तो सोफा, हे त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितलं होतं. आम्हीही हसलो होतो.

काही महिन्यांनी मास्तर गाडी घेऊन आले. तक्रार अशी, की गिअर कधी पडतो, कधी पडत नाही. उभ्या गाडीला चालतं करायचं म्हटलं की गिअर टाकायची कांडी अडते, जोर लावला की आतून कडकड आवाज येतो.

आता नियमाप्रमाणे नणंदेने काय म्हणायला हवं होतं? दाखवा चालवून. पण ज्यांनी आपल्याला स्टिअरिंग धरायला शिकवलं, त्यांना हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? तिने त्यांना खुर्ची दिली, मला चहा टाकायला सांगितलं आणि स्वतःच गाडीवर बसली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. गिअर प्रत्येक वेळी निमूट पडला.

"डॉक्टर दिसला की दुखणं पळतं, तसं आहे हे," मास्तर म्हणाले.

"पळून पळून जाईल कुठे?" ती म्हणाली आणि कामाला लागली.

गिअरचं तेल काढून तिने बोटांत चोळून बघितलं, वास घेतला, चुंबक फिरवून लोखंडाचा चुरा निघतोय का ते पाहिलं. नव्हता निघत. मग बाजूचं झाकण उघडलं. या गाड्यांमध्ये इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा एक रबरी पट्टा असतो. तो एका कडेने झिजला होता. आधीच्या मालकाने चढावर दामटली असणार, असं म्हणत तिने माझ्या दुकानातून नवीन पट्टा नेऊन घातला.

"म्हणजे गाडीचाच दोष होता," मास्तर म्हणाले. इतका आनंद कुणाला बिघाड सापडल्याचा झालेला मी पाहिला नव्हता. त्यांनी दोन कप चहा घेतला आणि जाताना मला सांगितलं, "तुझी नणंद म्हणजे हिरा आहे." हिऱ्याने सकाळीच कपबशीवरून माझ्याशी भांडण काढलं होतं, म्हणून मी फक्त मान हलवली.

पुढच्याच आठवड्यात मास्तर परत. कडकड चालूच होती. तिने कांडीपासून गिअरपेटीपर्यंतचा सळ्यांचा जोड तपासला, ढिला वाटला तो आवळला. ते पुन्हा खूश होऊन गेले आणि पुन्हा आले. तिने इंजिनाचा वेग कमीजास्त करून पाहिला. तेही झालं. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय तेच कळेना. शेवटी तिने जाहीर केलं की आता सगळी गिअरपेटीच खोलायची.

गिअरपेटी खोलणं म्हणजे गाडीचं पोट फाडणं. मला राहवलं नाही.

"वन्सं, एक विचारू? गिअर तुमच्या हातून पडतो ना?"

"पडतो."

"प्रत्येक वेळी?"

"हो म्हटलं ना."

"मग मास्तरांना बसवा की गाडीवर. सगळ्यांना बसवता."

ती अशी उसळली की हातातला पाना खाली पडला. "मास्तरांना? त्यांची परीक्षा घेऊ मी? तुला काही रीतभात?"

"रीतभात राहू द्या. तुम्ही त्यांना मान देताय, आणि ते बिचारे दर आठवड्याला हेलपाटे घालताहेत."

ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पण गिअरपेटीही खोलली नाही. मास्तर आले तेव्हा तिने बादली पालथी घातली, तिच्यावर बसली नाही, बाजूला उभी राहिली, आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "मास्तर, एकदा तुम्ही करून दाखवता?"

मास्तर खुर्चीकडे वळले. मग म्हणाले, "अगं, तूच बस ना."

"एकदाच."

ते चढून बसले. या गाडीला ब्रेक एकच, डाव्या मुठीत. तो पूर्ण दाबल्याशिवाय गिअरची कांडी सुटत नाही, गाडी अचानक निघू नये म्हणून केलेली ती सोय. मास्तरांची डावी बोटं ब्रेकवर गेली. त्यांनी दात आवळले, मानेच्या शिरा ताणल्या. ब्रेक निम्मा दाबला गेला आणि थांबला. उजव्या हाताने त्यांनी कांडी ओढली. कडकड.

मी शेडच्या दारातून बघत होते. किती दिवस हा माणूस डावा हात कोटाच्या खिशात घालून माझ्यासमोर चहा पीत होता! माझ्या डोळ्यांवर काय झापडं होती कोण जाणे.

नणंद पुढे गेली. तिने आपला तळवा मास्तरांच्या मुठीवर ठेवला आणि दाबला. कांडी आवाज न करता सरकली.

मग तिने विचारलं, "कधीपासून?"

"थंडीपासून. एका सकाळी शर्टाची बटणं लागेनात. वाटलं, गारठ्याने असेल." मास्तर हाताकडे बघत नव्हते, गाडीच्या दिव्याकडे बघत होते. "मग गाडी अडायला लागली. मी म्हटलं, चला, बरं झालं, गाडीच बिघडली आहे. जुनी आहे, बिघडणारच. तू पट्टा बदललास तेव्हा मला खरंच वाटलं की तेच असेल."

"मास्तर..."

"ऐक ना, पोरी. ती ब्रेकची अडवणूक काढून टाक. एक तार जोडली की काम होतं. तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे."

"होतं," ती म्हणाली. "पण मी जोडणार नाही. गिअर पडेल, गाडी निघेल. उतारावर थांबवणार कोण?"

"मी थांबवीन!"

"कुठल्या हाताने?"

हे बोलल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं, मला दिसलं. मास्तर गाडीवरून उतरले. उतरतानाही त्यांनी डावा हात वापरला नाही. "मी तुला शिकवलं," ते म्हणाले, "सगळं गाव नको म्हणत होतं तेव्हा. आणि तू मला सोफ्यावर पाठवतेस?" असं म्हणून ते चालू लागले, पायी, घराच्या विरुद्ध दिशेला, कारण रागाच्या भरात दिशाही चुकली.

नणंदेने हात पुसले, मला म्हणाली, "शेड बघ," आणि त्यांच्या मागे निघाली. पुढे मास्तर तरातरा, मागे ही, मधे चार हातांचं अंतर. ते थांबले की ही थांबायची, ते चालले की ही चालायची. बाजारातून अशी वरात निघाली आणि दवाखान्याच्या दाराशी हिने पुढे होऊन त्यांची वाट अडवली. "माझ्यावर नंतर रागवा, जन्मभर रागवा. आधी आत चला."

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतली एक बारीक नस थंडीतच कधीतरी झोपेत अडली होती. आलात ते बरं केलंत, पुढच्या झटक्याला एवढ्यावर सुटला नसतात. औषधं चालू केली. हाताला व्यायाम सांगितला, पण पूर्ण जोर येईल असा शब्द काही दिला नाही.

गाडी आमच्या शेडमध्ये उभी राहिली. नणंद रोज तिच्यावरची धूळ पुसायची आणि कुणी विचारलं की अंगावर धावून जायची. एके दुपारी मास्तर आले, दाराशीच उभे राहिले.

"विकून टाक ती," म्हणाले. "आणि घेणाऱ्याला नीट सांग. गाडीत काही दोष नाही. कधीच नव्हता."

हे बोलायला त्यांना किती जड गेलं असेल! नणंदेच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडत होतं आणि ती ते तेलकट बाहीने पुसून तोंड आणखी काळं करत होती.

"विकणारे तुम्ही कोण?" ती खेकसली. "मागे बसायला जागा आहे. मी नेईन आणि आणीन. बसा."

"मी? मागे?"

"बसा म्हटलं ना!"

ते बसले.

तेव्हापासून एक दिवसाआड ती त्यांना सकाळी खाली आणते, किराणा, औषधं, दवाखाना झालं की वर सोडते. मुलाने फोनवर बरीच कुरकुर केली, पण सध्या सोफा टळला आहे. मला एकच कोडं पडलं होतं. वाऱ्यासारखी गाडी पळवणारी ही बाई त्या उतारावरून इतकी हळू येते की डोक्यावर मोळी घेतलेल्या बायकाही पुढे निघून जातात. एकदा मी चिडवलंच. "वन्सं, मास्तरांना घेऊन येता की अंडी?"

ती नेहमीसारखी उसळली नाही. हात धुता धुता म्हणाली, "अगं, शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक असायचा. शिकणारा चुकला की ते तो दाबायचे. सगळं आयुष्य तसंच गेलं ना त्यांचं. आता मागे बसल्यावर वळण आलं की त्यांचा पाय आपोआप दाबला जातो. माझ्या पोटरीला लागतो."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली, "त्यांनी पाय दाबला की मी ब्रेक दाबते."