बांधावरचा भांबुर्डा

चंद्राबाईच्या गुडघ्यांना शुक्रवार आपोआप कळतो. नवी मुंबईतल्या उलव्याच्या कडेला तिचं अकरा गुंठे शेत उरलंय. थंडी पडली की दर शनिवारी तिथं शहरातली माणसं मडक्यात भाजलेली पोपटी खायला येतात, आणि त्यांची तयारी शुक्रवारी सकाळीच सुरू होते. शेंगा तोडायच्या, निवडायच्या, मडकी धुवायची, वाटण वाटायचं. पासष्टाव्या वर्षी बाईनं अंगणात पाय पसरून ऊन खावं. चंद्राबाईही पाय पसरूनच बसते, फक्त समोर वालाच्या शेंगांची रास असते.

पोपटीला पाण्याचा थेंब लागत नाही. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, मसाला लावलेलं चिकन, अंडी, पुन्हा शेंगा. मडक्याच्या तोंडात पाला गच्च कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. आत जी वाफ धरते ती त्या पाल्याची. भांबुर्डा म्हणजे तण. भात कापलं की बांधावर आपसूक उगवतं, हात लावला की उग्र वास सुटतो, गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. पण तो नसला की पोपटी म्हणजे नुसत्या करपलेल्या शेंगा.

या शनिवारी नेरूळच्या एका सोसायटीची चाळीस माणसं यायची होती. एवढी माणसं आजवर कधी आली नव्हती. आणि नेमका हाच शनिवार प्रीतमनं, चंद्राबाईच्या मुलानं, परीक्षेचा ठरवला होता. तो पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, त्यामुळे घरीही त्याला टार्गेट लागतं. हितेश नावाच्या माणसाला ते शेत पार्किंगसाठी भाड्यानं हवं होतं. भराव टाकायचा, पत्रे मारायचे, विमानतळावर जाणाऱ्यांच्या गाड्या लावायच्या.

"आई, शनिवार नीट गेला तर हे वर्ष राहू दे तुझं शेत," प्रीतम म्हणाला होता. "नायतर जानेवारीत भराव. तुझे पाय बग जरा. कशाला टेन्शन घेतेस?"

तो वाईट मुलगा नाही. त्याचं म्हणणं चुकीचं आहे असंही चंद्राबाईला वाटत नव्हतं, आणि हेच तिला जास्त छळायचं.

तर शुक्रवारी सकाळी ती विळा घेऊन पाला कापायला शेतावर गेली आणि उभीच राहिली. चारी बांध तपकिरी. भांबुर्डा जागच्या जागी वाळून, माना टाकून पडलेला. मधला वाल तेवढा हिरवागार. मागून सून आली, मिताली. बुकिंग, फोटो, फोन सगळं तीच बघते, आणि मनापासून बघते.

"बगितलंत आई? सोमवारी माणूस बोलावून औषध मारून घेतलं. गेल्या वेळी त्या मॅडमच्या पायाला खाज आली ना, तिनं रिव्ह्यू टाकला, जागा अस्वच्छ म्हणून. आता कसं चकाचक!"

चंद्राबाईनं वाळकी काडी उपटली आणि तिच्या हातात दिली.

"पोपटीला आता काय घालायचं गो?"

मितालीनं काडीकडे बघितलं, बांधाकडे बघितलं. ती ऐरोलीत फ्लॅटमध्ये वाढलेली. पाला दर वेळी सासू आणायची, हिरवा, जुडी बांधलेला. तो याच कचऱ्यातून येतो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिचा चेहरा पार उतरला. "केळीची पानं चालतील? कोबी?" ती विचारत राहिली. चंद्राबाईला ओरडायचं होतं, पण ओरडायलाही अंगात जोर लागतो. तिनं गोणपाट खांद्यावर टाकलं आणि ती रस्त्याला लागली.

खरं सांगायचं तर रिक्षात बसल्यावर तिला क्षणभर बरं वाटलं. पाला नाही म्हणजे पोपटी नाही, पोपटी नाही म्हणजे शनिवार नाही. दोष तिचा नाही. कुणी काही बोलणार नाही, आणि जानेवारीपासून खुशाल बसून राहायचं. हा विचार तिला इतका गोड लागला की तिची तिलाच लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणूनच ती पुढं गेली, नाहीतर तिथूनच परतली असती.

ती गेली माहेरच्या जागेवर. माहेर असं आता काही नाही. घरं उठली, माणसं पांगली, बापाच्या भातशेतावर दहा वर्षांपूर्वी भराव पडला आणि कुंपण झालं. पण भराव टाकून प्लॉट नुसताच पडला होता. कुंपणाच्या तारेतून चंद्राबाईनं बघितलं, तर आत भांबुर्डा कमरेएवढा. शेत गेलं, नाव गेलं, तण मात्र भरावातून वर आलेलं.

वॉचमन उठून आला. "क्या चाहिए मौसी?"

"पाला पायजे. ये घास."

"घास?" तो हसला. "ले जाओ, सब ले जाओ. सोमवार को मशीन आनेवाली है."

चंद्राबाई बसून, सरकत सरकत कापत राहिली. कुठं बसलोय हे तिला पक्कं कळत होतं. इथं बापाच्या मागं ती रोपं घेऊन चालायची. आता तिथं परक्या माणसाच्या परवानगीनं ती तण कापत होती. डोळे भरून आले, तेही तिनं खांद्यानंच पुसले, कारण हाताला पाल्याचा चीक होता. गोणी भरली. निघताना मात्र ती पुन्हा खाली बसली आणि विळ्याच्या टोकानं दहा-बारा रोपं मुळांसकट, मातीच्या ढेकळासह उकरली. ती कशाला, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

शनिवारी संध्याकाळी माणसं आली. मुलं वालातून धावली, मोठ्यांनी बांधावर उभं राहून फोटो काढले. चार मडकी लागली. पाला कमी पडेल म्हणून चंद्राबाईनं पान न् पान पुरवून लावलं होतं. जाळ खाली बसला तसा तिनं मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला. चर्र झालं आणि पाणी जागीच सुकलं. झाली म्हणायची.

पहिलं मडकं रिकामं केलं आणि तो वास सुटला. सगळे खायला लागले. सोसायटीच्या सुचित्रा मॅडम शेंगा सोलत म्हणाल्या, "काकू, किती शांत आयुष्य आहे हो तुमचं!"

चंद्राबाई हसली. शुक्रवारपासून तिची पाठ टेकली नव्हती.

"पुढच्या शनिवारी आमची दुसरी विंग येईल. पन्नास जण. जमेल?"

मितालीनं सासूकडे बघितलं, प्रीतमनंही. नाही म्हणायची याहून चांगली वेळ येणार नव्हती. "जमल की," चंद्राबाई म्हणाली, आणि राख सारायला वाकली.

रविवारी सकाळी प्रीतम ब्रश करत शेतावर आला, तर आई बांधावर फतकल मारून बसलेली. गोणपाटातून एकेक रोप काढायचं, खड्डा करायचा, दाबायचं. तिच्या सासूनं बांधावर तणाची एक काडी दिसली म्हणून तिला उभ्या गावासमोर आळशी ठरवलं होतं. आता तीच त्या बांधावर तण लावत होती. मिताली विहिरीवरून कळशी घेऊन आली, पाणी घालू लागली.

"हितेशला नाय म्हनून सांगतो," प्रीतम म्हणाला. "पन या वर्षापुरतं हां, आई."

"या वर्षापुरतंच मागतंय मी. पुढच्या साली मना झेपायचं नाय."

"मग हे कशाला लावतेस? औषधाच्या मातीत लागेल का तरी? एवढ्याशा पाल्यानं शनिवार कसा भागेल?"

"लागल, नायतर नाय लागल. शनिवारचा पाला तू उरनच्या बाजूनं आन. हा शनिवारचा नाय." तिनं रोपाची माती थापटली. "हा फुलल, बी मातीत परल, मंग पुढच्या साली..."

ती बोलता बोलता थांबली. प्रीतमनं तोंडातला ब्रश काढला. मिताली कळशी धरून तशीच उभी राहिली. गोणपाटात अजून चार रोपं होती. चंद्राबाईनं त्यांच्याकडे बघितलं, मोठा सुस्कारा सोडला आणि पुढचं रोप उचललं.

"बगत काय बसलाव? पानी घाल गो," ती म्हणाली. "आन प्रीतम, लावून झाली की मना हात दे. माज्यानं उठवनार नाय."