द्राक्षांच्या गावात सासूबाईंचा सत्कार

नाशिकला आल्यावर पहिल्या महिन्यातच मी यवतमाळचं नाव घेणं बंद केलं. कुठल्या तुम्ही, असं कुणी विचारलं की "विदर्भातल्या" म्हणायचं आणि विषय बदलायचा. कारण यवतमाळ म्हटलं की समोरच्या बाईचा चेहरा पडायचा. आवाज खाली यायचा. "अगं बाई," म्हणायची आणि तिची नजर हळूच माझ्या गळ्याकडे जायची. मंगळसूत्र आहे का बघायची! ते दिसलं की तिचा जरा हिरमोडच व्हायचा. "मग घरात कुणी...?" असं अर्धवट विचारून ती गप्प बसायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आमच्या जिल्ह्यात माणसं जेवत नाहीत, भांडत नाहीत, लग्नात नाचत नाहीत, नुसती मरतात असंच या लोकांनी ठरवून टाकलं होतं.

आम्ही आलो ते कापसाच्या त्या वाईट वर्षांत. माझा नवरा बाभुळगावच्या बाजूला एका जिनिंगमध्ये फिटर होता. सरकी वेगळी झाली की कापूस प्रेसमध्ये दाबून त्याच्या गाठी बांधायच्या, त्या प्रेसचं काम त्याच्याकडे. मालकाने आधी एक पाळी बंद केली, मग एका हंगामात कुलूपच घातलं. भाव नाही म्हणून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला होता. आमच्या शेजाऱ्यांकडे तर माणसं ओसरीत आणि कापूस आत. त्या कापसातल्या किड्यांनी सगळ्या गल्लीच्या अंगाला खाज सुटलेली. अशात नवऱ्याच्या ओळखीच्या कुणीतरी सांगितलं, नाशिकजवळ एका कारखान्यात प्रेस चालवायला माणूस पाहिजे. कापसाची नाही, द्राक्षाची. दाबायचंच काम, असं म्हणून नवरा हसला. त्या महिन्यातलं ते त्याचं पहिलं हसू, म्हणून मीही फार काही विचारलं नाही.

गाव चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. शहर वाढत वाढत त्याच्या वेशीपर्यंत आलं होतं. एका बाजूला द्राक्षाचे मळे, दुसऱ्या बाजूला बंगल्यांच्या स्कीमच्या पाट्या. "खिडकी उघडा, समोर द्राक्षमळा" असं त्या पाट्यांवर लिहिलेलं. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागायची आणि आम्हाला रस्ता ओलांडून दूध आणणं मुश्किल व्हायचं. कंपनीने कारखान्यामागे दोन खोल्यांचं क्वार्टर दिलं. नळाला रोज पाणी. मी पहिल्या दिवशी तो नळ नुसताच सोडून बघत उभी राहिले.

सासूबाई आमच्याबरोबर आल्या. त्यांना मी आई म्हणते. संध्याकाळी टेम्पोतून उतरल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिथेच थबकल्या. हंगाम चालू होता. कारखान्यामागे द्राक्षाच्या चोथ्याचा ढीग पडलेला आणि वारा आमच्या दिशेने. त्यांनी दोनदा श्वास ओढला.

"बाबू," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "तू तं द्राक्षाची फॅक्टरी म्हनलं होतं."

"द्राक्षाचीच हाये ना आई."

"हा सडव्याचा वास हाये."

सडवा म्हणजे दारू गाळण्याआधी मोहाची फुलं गूळ घालून सडवतात तो. आमच्या गावात हा वास आईंइतका कुणाला माहीत नव्हता, आणि त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझा सासरा पिणारा होता. गावाबाहेर नाल्याकाठी हातभट्टी होती. एका संध्याकाळी तिथून झोकांड्या खात येताना तो कठडा नसलेल्या विहिरीत पडला. सकाळी बाहेर काढला. आणि काढल्या काढल्या गावातल्या चार शहाण्यांनी आईंना बाजूला घेतलं. नापिकीने उडी मारली असं सांगा, म्हणाले. आमच्या नावावर थोडी जमीन होती, वर्ष वाईट होतं, सरकारची मदत मिळाली असती. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हेही सांगते. पण आईंनी पोलिसांसमोर ठणकावून सांगितलं, "उडी नाई मारली त्यानं. पडला तो. पेऊन पडला." मदत गेली. नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. माझ्या नवऱ्याने कित्येक दिवस आईशी धड बोलणं टाकलं. आई एकच म्हणायच्या, "कर्जानं मेला म्हनलं तं भट्टीवाला मोकळा सुटते." आणि दिवस-कार्य झाल्यावर आमच्या वस्तीतल्या अन् तांड्यावरच्या बायका घेऊन त्या नाल्यावर गेल्या. लुगड्याचा काचा मारून त्यांनी सडव्याचे ड्रम लाथेने उलटे केले. भट्टी पुन्हा लागली की पुन्हा जायच्या. माझं लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा ती भट्टी कायमची बंद झाली होती आणि आईंना सगळं गाव जरा वचकून होतं.

अशी ती बाई, आणि तिच्या मुलाला पगार द्यायचा तो दारूच्या कारखान्याने! नवरा म्हणायचा, ही वाइन आहे, दारू नाही, मोठे लोक पितात. आई म्हणायच्या, "मोठे लोक पडत नाई काय?" पण पोटाला पाहिजे होतं, परत जायला जिनिंग नव्हतं. त्यांनी एवढंच कबूल करून घेतलं की मुलाने थेंबाला शिवायचं नाही, आणि त्या स्वतः कारखान्याच्या फाटकातून आत जाणार नाहीत. एक वर्ष हे नीट चाललं.

दुसऱ्या हंगामात कंपनीने सोहळा काढला. मुंबईचे पाहुणे येणार, मोठ्या लाकडी टबात अनवाणी उतरून द्राक्षं तुडवणार, गाणी, जेवण. पाहुण्यांची व्यवस्था बघणारा एक तरुण साहेब आमच्या क्वार्टरवर आला. खुर्चीवर अगदी कडेला बसला आणि त्याने तोच चेहरा केला. पडलेला. ऑफिसात त्याला कळलं होतं आम्ही यवतमाळचे, आणि आई विधवा. बस, दोन आणि दोन त्याने स्वतःच चार करून टाकले होते. "आजी, यंदाचा सोहळा आम्ही विदर्भातल्या कास्तकारांना अर्पण केलाय. सगळे पाहुणे सुती कपडे घालून येणार आहेत, कापसाच्या सन्मानार्थ. तुमच्या पायांनी पहिली द्राक्षं तुडवायची. तुमचा सत्कार करायचाय."

कापसाच्या सन्मानार्थ सुती कपडे! ज्यांच्या घरात कापूस पडून होता त्यांना किलोला रुपया जास्त दिला असता तर सन्मान झाला असता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. त्याची नोकरी अजून कच्ची होती. क्वार्टर कंपनीचं. साहेबाला नाही म्हणायची आमची ऐपत नव्हती, आणि साहेबाला ते पक्कं माहीत होतं.

आई शांतपणे म्हणाल्या, "येतो मी." मग जरा थांबून विचारलं, "माईक रायते काय तिथं?"

"असतो ना आजी!"

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या दिवशी आईंनी पांढरं लुगडं नेसलं. एका वर्षाने त्या पहिल्यांदा फाटकातून आत गेल्या. मळ्याच्या कडेला मंडप, समोर पाहुणे, प्रत्येकाच्या हातात ग्लास. सूत्रसंचालन करणारी बाई भारीतल्या हातमागाच्या साडीत होती. तिने डोळे मिटून बोलायला सुरुवात केली. या माऊलीचं कपाशीचं शेत करपलं, सावकार दारात आला, तिच्या धन्याने कर्जापायी जीवन संपवलं, तरी ती ताठ उभी आहे. कुठून आणलं तिने हे सगळं? आम्हाला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मी शेवटच्या रांगेत कामगारांच्या बायकांमध्ये उभी होते. पुढच्या रांगेत एक बाई रुमालाने डोळे टिपत होती. दुसऱ्या हातात ग्लास तसाच.

शाल झाली, नारळ झाला. दोन मुलींनी आईंचे पाय धुतले आणि त्यांना टबाशी आणलं. आई टबात बघत राहिल्या. असल्या पिंपाला त्यांचा पाय आजवर फक्त लाथ मारायलाच लागला होता. त्यांनी पाय मागे घेतला आणि माईकवाल्या बाईपुढे हात केला.

"मले बोलाचं हाये."

बाईने कौतुकाने माईक दिला.

"जय भीम," आई म्हणाल्या. "ह्या बाईनं सांगतलं थे खरं नाई. माह्या नवऱ्यावर कोनाचं कर्ज नोतं. तो दारू पेऊन मेला. विहिरीत पडला. त्यानं उडी नाई मारली. थे मोहाची होती, तुमची द्राक्षाची हाये. वास तोच हाये. माहा पोरगा इथं कामाले हाये, तुमचं मीठ खातो आमी, म्हनून हे टप मी उलटं करत नाई. पन यात पाय नाई घालत."

 आता नोकरी गेली असं वाटलं, आणि खरं सांगते, त्या भीतीतही मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. नवरा टबाजवळ उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मग त्या बाईने हळूच माईक काढून घेतला. "दुःख इतकं खोल असतं," ती म्हणाली, "की ते माणूस दुसऱ्याच नावाने सांगतं. जोरदार टाळ्या आपल्या आजींसाठी!"

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या! ऐकू आलं नव्हतं असं नाही. भाषा मराठीच होती, आणि आईंचा आवाज शेतातून शेताला जाणारा. ऐकू येऊनही त्यांनी ऐकलं नाही. गाणं सुरू झालं, कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या बायकोने चपला काढल्या आणि ती खिदळत टबात उतरली. माझ्या मनात आलं, तो टब आईंनी उलटा केला असता तर फार बरं झालं असतं. आजही तेच वाटतं.

 क्वार्टर सोडायला लागणार हे धरून मी रात्रीच भांडी एका पोत्यात भरायला काढली होती. सकाळी तो तरुण साहेब दारात आला. हातात पेपर, आणि चेहरा फुललेला. आईंचा मोठा फोटो आला होता, शाल, नारळ, मागे टब. मोठे साहेब जाम खूश आहेत, म्हणाला. हा फोटो फ्रेम करून पाहुण्यांच्या हॉलमध्ये लावायचा आहे. आणि माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, "तुमचं आता पक्कं करून टाकू."

"काय लिवलं हाये खाली?" आईंनी मला विचारलं.

नवरा माझ्याकडे बघत होता. नको, असं त्याचे डोळे सांगत होते. पण ज्या बाईने हातातोंडाशी आलेली मदत या एका गोष्टीसाठी लाथाडली, तिच्याशी मी खोटं बोलायचं? मी वाचलं. "कर्जबाजारी होऊन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते हंगामाचा शुभारंभ."

आईंनी पेपर हातात घेतला. स्वतःच्या फोटोकडे बराच वेळ बघितलं. मग त्यांनी तो घडी करून साहेबाला परत दिला.

"म्हंजे इथंही दारू मोकळी सुटली," त्या म्हणाल्या.

साहेब "हो हो, आजी" म्हणाला आणि हसून गेला.

त्या आठवड्यात आई गावी परत गेल्या. मी खूप विनवलं. "तिकडे माह्या नवऱ्याबद्दल खोटं बोलाची कोनाची हिंमत नाई," एवढंच म्हणाल्या. नवरा बसपर्यंत पिशवी घेऊन गेला, आणि परत आल्यावर नळाखाली डोकं धरून बराच वेळ बसून राहिला. त्याचं पक्कं झालं. आम्ही अजून तिथेच आहोत, आता कंपनीचं नाही, स्वतःचं घर आहे. यवतमाळचं नाव मी आता मुद्दाम घेते, आणि कुणी चेहरा पाडला की तिथल्या तिथे सांगते, सासरा पिऊन विहिरीत पडला म्हणून. बायका ओशाळतात आणि पुन्हा विचारत नाहीत.

फोटो मात्र त्या हॉलमध्ये लावला तो लावलाच. खाली तीच ओळ. काढा म्हणून मी दोनदा जाऊन सांगितलं, भांडले, शेवटी मला आत सोडणंच बंद केलं. बाहेरून काचेतून दिसतं. शनिवार-रविवारी पाहुणे त्या फोटोसमोर थांबतात, ओळ वाचतात, मान हलवून हळहळतात. हातातला ग्लास कुणी खाली ठेवत नाही.